माझा वर्ग कुणी पाहिलाय?

प्रशिक्षणांना नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. गटसाधन केंद्राच्या व्हरांड्यात चहाचा कागदी कप हातात आला, की माझी रसवंती सुरू होते. पुन्हा तीच पीपीटी, पुन्हा तेच गटकार्य, वरून आलंय म्हणून खाली ढकलायचं, यांना वाटतं आम्हाला काही येतच नाही. हे सगळं मी इतक्या सराईतपणे बोलतो, की नव्याने लागलेल्या पोरांना मी फार मुरलेला शिक्षक वाटतो. त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण खरं बोलणारा माणूस प्रामाणिक असतोच असं नाही. हल्ली मला एक शंका छळते. ही प्रशिक्षणं पोकळ आहेत याचा मला राग आहे, की ती पोकळ आहेत म्हणूनच मी इतकी वर्षं निवांत आहे?

मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवतो. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. 2003 साली शिक्षणसेवक म्हणून तीन हजार रुपये मानधनावर लागलो आणि तीन वर्षांनी कायम झालो. मधली काही वर्षं बदलीने निफाडकडे काढली, मग पुन्हा डोंगरात आलो. राहतो वणीला. (मुख्यालयी राहण्याचा दाखला हा वेगळ्या आत्मचिंतनाचा विषय आहे, तो आज नको.)

शिक्षकाने नोकरीला लागल्यावरही शिकत राहावं, याची काळजी आपल्याकडे कुणी वाहिली नाही असं म्हणता येत नाही. कोठारी आयोगाने 1966 सालीच सांगितलं होतं, की सेवेच्या दर पाच वर्षांत शिक्षकाला दोन ते तीन महिन्यांचं सेवांतर्गत शिक्षण मिळायला हवं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. पुढे 1986चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि त्यातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आमचं डाएट, उभं राहिलं. सर्व शिक्षा अभियानात वर्षाला वीस दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद होती, दरडोई दर दिवशी 70 रुपये. आता 2020चं धोरण वर्षाला 50 तासांची अपेक्षा ठेवतं. आधी महिने, मग दिवस, आता तास. हा विनोद माझाच आहे आणि व्हरांड्यात तो हमखास चालतो. परवा तो पुन्हा करताना मात्र मनात आलं, की सरकारने महिने दिले नाहीत हे ठीक; पण माझ्या कुठल्या उन्हाळी सुट्टीत मी स्वतःहून पंधरा दिवस तरी अभ्यासाला बसलो होतो? सुट्टी होती, पगारही चालू होता आणि अडवणारं कुणी नव्हतं.

कागदावर आमची व्यवस्था चांगली बांधलेली आहे. पुण्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्ह्याला डाएट, तालुक्याला गटसाधन केंद्र, त्याखाली दहा-बारा शाळांचं केंद्र आणि त्याला केंद्रप्रमुख. महिन्याला एकदा केंद्रातले सगळे शिक्षक शिक्षण परिषदेला जमतात. जुने गुरुजी अजून तिला गटसंमेलन म्हणतात. कल्पना अशी, की शेजारच्या शाळांतल्या माणसांनी एकत्र बसावं, कुणाच्या वर्गात काय अडलं ते बोलावं आणि एकमेकांच्या हिकमती उचलाव्यात. प्रत्यक्षात तिथे आधी माहिती भरून घेतली जाते. आधार किती झाले, शिष्यवृत्तीचे फॉर्म किती राहिले, यू-डायसमध्ये कुणाच्या त्रुटी आहेत. मग वरून आलेला विषय, एक नमुना पाठ आणि शेवटी आभार. नमुना पाठ घेणारा शिक्षक आपल्याला सर्वांत चांगला जमणारा पाठ घेतो. मीही तेच केलं आहे. चौथीचा परिसर अभ्यास, पाण्याचा पाठ, हातात दोन बाटल्या आणि गाळणी. टाळ्या मिळतात. जो पाठ मला जमत नाही, तो मी त्या चटईवर कधी आणला नाही. माझ्या माहितीत कुणीच आणलेला नाही.

मी काही वर्षं सुलभकही, म्हणजे प्रशिक्षण देणाराही, होतो. राज्याचे लोक जिल्ह्याच्या लोकांना शिकवणार, जिल्ह्याचे आम्हाला, आम्ही तालुक्याला, अशी ती उतरंड. वर पाच दिवसांचं असलेलं खाली येईतो तीन दिवसांचं होतं, आणि त्या तीन दिवसांतलाही पहिला तास उद्घाटनात आणि शेवटचा समारोपात जातो. त्या काळात 'मुलांना बोलू द्या, तुम्ही कमी बोला' या विषयावर मी साठ शिक्षकांसमोर सलग दीड तास एकटा बोललो आहे. कुणी हसलं नाही. मलाही त्यात काही विपरीत वाटलं नाही. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी 'अतिशय उत्तम' लिहिलं होतं, कारण फॉर्म मी गोळा करणार होतो आणि बस पावणेसहाची होती. त्या फॉर्मांचं पुढे काय झालं असेल? एकूण किती शिक्षकांपैकी किती प्रशिक्षित, एवढा आकडा वर गेला असणार. वार्षिक आराखड्यात जो आकडा मांडला तो गाठायचा, निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. आकडा मागणाऱ्यालाही त्याच्या वरच्याने आकडाच मागितलेला असतो. यात कुणी एक माणूस खोटा नाही.

आमच्या सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो, नार-पारेतून गुजरातकडे निघून जातो आणि एप्रिलमध्ये पाड्यावर टँकर येतो. प्रशिक्षणांचं तसंच आहे, असं मी नेहमी म्हणत आलो. ते म्हणताना दोष ढगाला द्यायचा की जमिनीला, याचा मी फार विचार केला नव्हता. बांध घालायचं काम माझं होतं.

आणि एक गोष्ट आम्ही व्हरांड्यात कधी बोलत नाही. आमच्यातला एक जण प्रशिक्षणाला गेला, की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. तीन दिवस तो माणूस काय शिकवणार? तो सांभाळतो. पोषण आहार, हजेरी, चित्रं काढा, पाढे म्हणा. माझ्या शिकण्याची किंमत त्या तीन दिवसांत मुलं भरत असतात. त्या पैशाचं मी काय घेऊन आलो, असं मुलांनी विचारायची पद्धत नाही हे माझं नशीब. येताना माझ्याकडे फोल्डर असतं, पेन असतं आणि गटकार्यातले फोटो असतात.

पगाराचं सांगितल्याशिवाय हे चिंतन खोटं ठरेल. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, आणि दोन्हींसाठी प्रशिक्षण सक्तीचं. माझी वरिष्ठ श्रेणी अनेकांसारखीच बरीच रखडली होती. 2022 साली ते प्रशिक्षण राज्यभर ऑनलाइन झालं, दोन हजार रुपये शुल्क भरून. लिंक, पासवर्ड, व्हिडिओ, स्वाध्याय, चाचणी. त्याआधी करोनाच्या काळात दीक्षा ॲपवर 'निष्ठा' प्रशिक्षणाची अठरा मोड्यूल्स झाली होती, त्यामुळे हात सरावलेला होता. व्हिडिओ चालू ठेवून मी पोळ्यांसाठी कणीक मळली आहे. चाचणीची उत्तरं ग्रुपवर फिरत होती आणि ती मी पाहिली नाहीत असं मी म्हणणार नाही. गंमत म्हणजे बहुतेक उत्तरं मला आपली आपणच येत होती. तरी मी पाहिली. चुकण्याची जी थोडी शक्यता होती, तीही मला नको होती. ती चाचणी म्हणजे माझ्या ज्ञानाचा आणि पगाराचा सांधा होता आणि त्या सांध्यावर मी पगाराच्या बाजूला उभा राहिलो. याची लाज वाटते का? थोडी वाटते. फरकाची रक्कम खात्यात आली त्या दिवशी वाटली नव्हती.

मग मी कधी शिकलोच नाही का? शिकलो. नाशिकजवळ गोवर्धनला गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. 1989 साली राम ताकवल्यांनी ते उभं केलं, आणि नोकरी करत बी.एड. करण्याची सोय त्याने माझ्यासारख्या कितीतरी प्राथमिक शिक्षकांना दिली. मी ते केलं ते पुढेमागे पदोन्नतीला उपयोगी पडेल म्हणून. पण त्यात एक कृतिसंशोधन करावं लागायचं. स्वतःच्या वर्गातली एक अडचण निवडायची, आधी नोंद करायची, काहीतरी करून पाहायचं आणि पुन्हा नोंद करायची. मी जोडाक्षरांचा विषय घेतला. काही आठवडे मी मुलांच्या चुका खरोखर लिहून काढल्या. कोण कुठे अडतो, कोणती चूक सगळ्यांची एकच आहे, कोणती एकट्याची. असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणारं मूल पुस्तकातलं जोडाक्षर कुठे सोडतं आणि त्याच्या सोडण्याला कसा नियम असतो, हे मला तेव्हा कळलं. प्रकल्प जमा केला, चांगले गुण मिळाले आणि ती वही बंद झाली. दुसरी अडचण घेऊन मी दुसरी वही केली नाही. नंतर नवोपक्रम स्पर्धेला दोन उपक्रम पाठवले खरे, पण ते आधी लिहिले आणि मग वर्गात केले.

पाहायलाही मी गेलो. 2015च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला आणि सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव शिक्षकांच्या तोंडी झालं. तिथे प्रतिभा भराडे या विस्तार अधिकाऱ्यांनी आपल्या बीटमधल्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले होते. राज्यभरातून शिक्षक पदरमोड करून गाड्या भरभरून तिकडे जात होते. आदेश नसताना, भत्ता नसताना. शिक्षकाला शिकायचंच नसतं असं म्हणणाऱ्यांनी त्या गाड्या आठवाव्यात. आमचीही एक गाडी गेली. परत आल्यावर आम्ही फरशा रंगवल्या. अंक, अक्षरं, वर्तुळं, ऑइलपेंटने, वर्गणी काढून. त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्रात ऑइलपेंट खपला असेल. कुमठ्याच्या शिक्षकांनी फरशीवर लिहिण्याआधी वर्षानुवर्षं आपसात काय बोलणं केलं होतं, कुठे माघार घेतली होती, हे आम्ही विचारलं नाही. गाडीला परतायची घाई होती.

जवळ त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीलाही जाऊन आलो. वर्षभर, दिवसातले जवळपास बारा तास चालणारी, दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहिणाऱ्या मुलांची शाळा म्हणून तिची ख्याती आहे. केशव गावित या शिक्षकाने ती वाढवली. तिथे मी मुलांचे व्हिडिओ काढले. एखादं मूल अडतं तेव्हा हा माणूस काय करतो, हे पाहायला मी थांबलो नाही. आणि खरं सांगायचं तर घरी येताना गाडीत मी त्यांच्या कामातल्या उणिवाच मोजत होतो. बारा तास शाळा सगळ्यांना कशी परवडेल, आपल्याला संसार आहे वगैरे. मुद्दे चुकीचे नाहीत. पण मी ते का मोजत होतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

या सगळ्यात माझ्या वर्गात कोण आलं? डी.एड.ला असताना सराव पाठ असायचे. आपण पाठ घ्यायचा, भिंतीला टेकून चार सहाध्यायी आणि मेथडचे सर बसायचे, प्रत्येकाच्या मांडीवर पाठ निरीक्षणाची वही. हात थरथरायचे. पाठ संपला की ते बोलायचे: फळ्याकडे तोंड करून बोललास, प्रश्न विचारलास आणि उत्तर तूच दिलंस, उजवीकडची मुलं तुला दिसलीच नाहीत. ती थरथर नकोशी होती, पण त्या दोन वर्षांत मी जितका बदललो तितका पुढच्या वीस-बावीस वर्षांत बदललो नाही. नेमणुकीचा आदेश हातात आला त्या दिवसापासून माझा पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून कुणी पाहिलेला नाही. साहेब येतात. टाचणवही पाहतात, हजेरी पाहतात, दोन मुलांना वाचायला लावतात, तांदळाचा साठा मोजतात आणि शेरेबुकात 'अध्यापन समाधानकारक, प्रगतीस वाव' असं लिहून पुढच्या शाळेला जातात. एका दिवसात पाच शाळा करायच्या असलेल्या माणसाने दुसरं काय लिहावं? आणि तो चाळीस मिनिटं बसला असता, तर मी नेमका कोणता पाठ काढला असता, हेही मला माहीत आहे. पाण्याचा. दोन बाटल्या आणि गाळणी.

इथे माझ्या शंकेचं उत्तर आहे. प्रशिक्षण गटसाधन केंद्राच्या हॉलमध्ये, ॲपवर, झूमवर, साताऱ्यात, कुठेही झालेलं मला चाललं, कारण ते कुठेही झालं तरी माझ्या वर्गात होत नव्हतं. त्या हॉलमध्ये मी तक्रारखोर, हजरजबाबी, अनुभवी असा कुणीही असू शकत होतो. वर्गात मी जसा शिकवतो तसाच दिसलो असतो. व्यवस्थेने माझ्या वर्गात डोकावण्याचं टाळलं आणि मी व्यवस्थेला हजेरीपटावर सही देत राहिलो. आमचं दोघांचं छान जमलं होतं. शिव्या मी देत होतो, पण त्या घरच्या माणसाला देतात तशा.

जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ बांधतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांकडे पाहत बसतात आणि नंतर चर्चा होते ती पाठाची, शिक्षकाची नव्हे. हे मी वाचलं होतं, सुलभक असताना सांगितलंही होतं. आपल्या राज्यातही ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने 'तेजस' नावाचा प्रकल्प झाला. त्यात इंग्रजी शिकवणारे आसपासचे शिक्षक छोट्या गटात भेटायचे आणि आपलं इंग्रजी नि आपले वर्ग यांवर बोलायचे. म्हणजे वाट कुणी दाखवलीच नाही, असं नाही. आणि फार मागे जायचं तर शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहायची चाल महाराष्ट्रात 'मराठी शालापत्रका'पासून आहे. कृष्णशास्त्री आणि मग विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ते चालवलं. पुण्याच्या राज्य परिषदेचं 'जीवन शिक्षण' मासिक आपली परंपरा त्या 1861च्या शालापत्रकाशी जोडतं. आमच्या शाळेच्या कपाटात त्याचे काही अंक आहेत. दोन अजून वेष्टनात आहेत.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला हवं. मी 2003चा, शिक्षण हक्क कायद्याच्या आधीचा. निवृत्ती दूर आहे. त्या रात्री ग्रुपवर जो संताप होता त्यात माझाही होता, आणि तो मी अजून मागे घेतलेला नाही. लागताना जी अट नव्हती ती वीस वर्षांनी गळ्यात घालणं मला अन्यायाचं वाटतं. शिकवणं येतं की नाही हे दीडशे गुणांच्या पर्यायी प्रश्नांवरून कळतं, यावर माझा विश्वास नाही. पण त्या संतापाच्या मधोमध मी एक वाक्य टाइप केलं, 'आमचा वीस वर्षांचा अनुभव हा पुरावा नाही का?' आणि ते पाठवण्याआधी बोट थांबलं. कसला पुरावा? कुणी पाहिलाय? माझ्याकडे दाखवायला काय आहे? एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये प्रमाणपत्रं आहेत, ज्यांना मीच आजवर रद्दी म्हणत आलो. माझ्या वर्गात कुणी वर्षाला दोनदा बसलं असतं, त्याने लिहिलं असतं, मी त्यावर उत्तर दिलं असतं, पुढच्या वर्षी काय बदललं तेही त्याने पाहिलं असतं, तर आज न्यायालयापुढे नाही तरी निदान स्वतःपुढे ठेवायला माझ्याकडे काही असतं. ते कागद तयार होऊ न देण्यात माझा वाटा व्यवस्थेइतकाच आहे. ते वाक्य मी पाठवलं नाही. दुसरं, जास्त कडक पाठवलं.

शेजारच्या पाड्यावरच्या शाळेत एक मॅडम आहेत, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, एकदा येऊन माझा गणिताचा तास बघाल का?"

त्या दचकल्या. "का हो सर, तक्रार झाली का काही?"

तक्रार नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं मला व्हिडिओ काढून हवाय. तेही नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग मी येऊन करू काय?" खरं तर प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, मुलांकडे बघा, आणि दिसेल ते लिहा.

त्या एका शनिवारी आल्या, त्यांची सकाळची शाळा सुटल्यावर, घरी जायचं सोडून. मी मुद्दाम तिसरीची हातच्याची वजाबाकी घेतली. माझी ती वर्षानुवर्षांची दुखरी जागा. आमची मुलं हिवाळ्यात बोरगावकडच्या रस्त्याला सापुताऱ्याच्या गाड्यांपुढे स्ट्रॉबेरीचे खोके घेऊन उभी असतात. दोनशे रुपयांची नोट घेऊन एकशे चाळीस कापून साठ परत देताना ती अडखळत नाहीत. आणि तीच मुलं पाटीवर दोनशे वजा एकशे चाळीस मांडली की शून्यातून चार जात नाहीत म्हणून माझ्याकडे बघत बसतात. याचं उत्तर मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नाही, अशी माझी जुनी तक्रार. तो प्रश्न मी एकाही प्रशिक्षणात विचारला नाही, ही नवी.

तास संपल्यावर मॅडमनी वही उघडली. त्या लाजत होत्या, तुम्ही सीनियर आहात वगैरे. मी आग्रह केला तेव्हा वाचलं. प्रश्न विचारून मी थांबत नाही, उत्तर मीच देऊन टाकतो. डी.एड.च्या वहीत हेच लिहिलेलं होतं, म्हणजे ते अजून तिथेच आहे. दुसरं असं, की भिंतीकडे बसलेल्या एका मुलीने वजाबाकी न मांडता एकशे चाळीसच्या पुढे दहा-दहा मोजत दोनशे गाठले आणि शेजारी साठ लिहिले. सुटे परत देताना मोजतात तसे. मी तिच्यापाशी गेलो, 'रीत कुठेय?' म्हणालो आणि बोटाने पाटी पुसून शतक सुटं करायला लावलं. त्यानंतर तिने काही लिहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, तिचं उत्तर बरोबर होतं."

मला ते दिसलंच नव्हतं. पुसताना माझं लक्ष पुढच्या पाटीकडे होतं. अशा किती पाट्या मी पुसल्या असतील याचा हिशेब करून उपयोग नाही, पण त्या रात्री तो मनात चालू होता. हॉलमध्ये 'मुलांच्या पूर्वज्ञानावर शिकवणं उभारा' हे वाक्य मी माझ्या आवाजात किती शिक्षकांना ऐकवलं आहे! त्याचा अर्थ काय, हे मला एका जुनियर बाईंनी त्यांच्या मोकळ्या शनिवारी, विनाभत्ता सांगितलं. त्यानंतर मी ती रीत फळ्यावर घेतली, शतक सुटं करण्याच्या शेजारी. काही मुलांना त्याने मोकळं केलं, काहींचा गोंधळ वाढला. तो कुणाचा आणि का, हे एकट्याने कळत नाही. पुन्हा कुणीतरी बसायला हवं.

आता त्यांचा वर्ग पाहायला मी जायचं ठरलं आहे. त्यांना पहिलीच्या वाचनात काही अडतंय. हे शनिवारी जमणार नाही, कारण आमच्या दोघांचीही शाळा शनिवारी सकाळी एकाच वेळी असते आणि त्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी मुलांना मुद्दाम तासभर थांबवून ठेवलं होतं. पालकांनी एकदा चालवून घेतलं, दर वेळी नाही चालवणार. अडकलेल्या वजाबाक्या सोडवायला निघालेल्या दोन शिक्षकांना एकमेकांच्या शाळेत कामाच्या वेळात कसं जायचं, याला कुठल्या आदेशात रकाना नाही. प्रशिक्षण असलं तर कार्यमुक्त करतात, त्यासाठी पत्र लागतं, आणि पत्राला वरून विषय लागतो. शेवटी मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. माझे दोन वर्ग सोबतचे सर पाहतील. म्हणजे पुन्हा चारही वर्ग त्यांच्याकडे, मला हे सुटलेलं नाही. रजेच्या अर्जात कारणाची ओळ असते. तिथे मी 'घरगुती कारणास्तव' असं लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर रजाच लागली नसती, त्या कामालाच परवानगी मिळाली असती, असंही होऊ शकलं असतं. केंद्रप्रमुख माणूस चांगला आहे. पण मी विचारून पाहिलं नाही.